आमच्या शाळेची गळती

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, माननीय शिक्षणाधिकारी साहेब. या जागेवर नवी इमारत उभी करणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक साहेब. मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेचे आदरणीय मुख्याध्यापक सर. या इमारतीबरोबर आज स्वतःही निवृत्त होत असलेल्या आमच्या मोठ्या बाई. सर्व शिक्षक आणि शिक्षिका. या शाळेत शिकून मोठे झालेले आणि न शिकता नुसतेच मोठे झालेले माझे मित्र. मागे भिंतीला टेकून उभे असलेले पालक, आणि इथे पुढे मांडी घालून बसलेल्या मुलामुलींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

ही एवढी लांबलचक यादी मला माझ्या धाकट्या बहिणीने लिहून दिली. ती याच शाळेत नववी पास झाली. आज पाण्याचा ट्रे घेऊन फिरतेय, तीच ती. 'न शिकता नुसतेच मोठे झालेले' हे मात्र माझं. तिने ते खोडलं होतं, मी परत घातलं. पुढचं भाषण मी तिला दाखवलेलं नाही. का दाखवलं नाही, ते कळेलच.

आत्ता सूत्रसंचालक सरांनी माझी ओळख करून दिली, 'परदेशात बांधकाम क्षेत्रात कार्यरत असलेले आपले माजी विद्यार्थी.' ऐकून मीच मागे वळून बघितलं, कोण एवढा मोठा माणूस आलाय म्हणून. सरांचे आभार. पण इथे मला ओळखणारे खूप बसलेत, त्यामुळे खरं सांगितलेलं बरं. मी परांची बांधतो. इमारतीला बाहेरून लोखंडी पाइपांचा सांगाडा बांधतात ना, ज्यावर उभं राहून बाकीचे लोक काम करतात, ती परांची. इमारत पूर्ण झाली की आमचं सगळं काढून नेतात. उद्घाटनाच्या फोटोत आम्हीही नसतो आणि आमचं कामही नसतं. मला ते बरं वाटतं. एका जागी चिकटून राहणं माझ्या स्वभावात नाही. आठवीत माझं नावच भिंगरी पडलं होतं. गणिताचे सर म्हणायचे, 'तू बस म्हटल्यावर बसतोस, पण तुझे पाय बसत नाहीत.' त्याच आठवीत मी शाळा सोडली.

मग अशा माणसाला आज इथे कशाला उभं केलं? मीही बाईंना फोनवर हेच विचारलं. म्हटलं, 'बाई, डॉक्टर झालेत आपल्याकडून, वकील झालेत, एक जण टीव्हीवर दिसतो. मला कशाला?' बाई म्हणाल्या, 'पास झालेले आजवर पुष्कळ बोलले. शेवटच्या दिवशी एक गळालेला बोलू दे.' सुट्टी टाकली आणि आलो.

पण माझं स्वतःचंही एक काम आहे, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे 'हा कशाला एवढं लांबण लावतोय' असं कुणाला वाटायला नको. सोमवारी नवं वर्ष सुरू होतंय. ही शाळा पाडणार, म्हणून आमच्या धाकटीचं नाव पलीकडच्या शाळेत दहावीला गेलंय. आणि धाकटी म्हणते, मी जाणार नाही. मला तिला शाळेत पाठवायचंय. मी आता जे काही बोलेन ते त्यासाठीच आहे. मध्ये मध्ये शाळेचं कौतुक येईल, तेही खरंच आहे, पण काम ते.

तर आधी कौतुक.

या शाळेने काय दिलं, असं प्रत्येक वक्त्याने सांगितलं. कुणाला संस्कार दिले, कुणाला दृष्टी दिली. मला या शाळेने नोकरी दिली. हसू नका, खरंच दिली, आणि तीही शाळा सोडल्यावर. कशी, ते ऐका.

मुलं शाळा सोडून जातात, त्याला शाळेच्या भाषेत गळती म्हणतात. मी गेलो त्या वर्षी आमच्या वर्गातले बरेच गेले. कुणी गॅरेजवर, कुणी दुकानात, कुणाचं घरच दुसरीकडे हललं. मोठ्या बाईंना चैन पडेना. सगळी खाती एकत्र बसतात अशी एक मोठी बैठक होती. तिथे बाई उभ्या राहिल्या आणि अगदी पोटतिडकीने म्हणाल्या, 'आमच्या शाळेत गळती फार वाढली आहे. वेळीच उपाय झाला नाही, तर शाळा उभी राहणार नाही.'

आता त्या बैठकीत बांधकाम खात्याचे एक साहेब बसले होते. सज्जन माणूस. गळतीबद्दल इतक्या पोटतिडकीने त्यांच्याशी आजवर कुणी बोललंच नव्हतं. त्यांचं मन भरून आलं. पुढच्याच आठवड्यात शाळेच्या फाटकात टेम्पो उभा. शिड्या, डांबराची पिंपं, शेगडी, कुदळी, आणि सगळ्यांचे मुकादम एक काका. सरकारी काम इतकं झटपट झालेलं या वस्तीने पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्या आईचं इस्त्रीचं दुकान शाळेच्या भिंतीला लागून आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यातल्या अर्ध्यांचे गणवेश तिच्या हाताखालून गेलेत. डांबरवाले काका दुकानात आले. 'ताई, वर पिंपं चढवायला कुणी हाताशी मिळेल का?' आई मान वर न करता म्हणाली, 'हा आहे की. घरात येरझारा घालून फरशी झिजवतोय.' काकांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. 'चढशील?' म्हटलं, 'चढेन.' आयुष्यात मी दिलेली ती एकच तोंडी परीक्षा, आणि तिच्यात मी पहिल्या फटक्यात पास झालो.

आठवीचा वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर. म्हणजे मी गच्चीवर कुदळ मारतोय आणि बरोबर पायाखाली माझाच वर्ग चाललाय. गणिताच्या सरांनी छताकडे बघितलं. 'वर कोण नाचतंय रे?'

पोरं म्हणाली, 'सर, भिंगरी.'

'तो तर सोडून गेला ना?'

'हो सर, वर गेलाय.'

सरांनी म्हणे खडू खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसते उभे राहिले. सर तिकडे चौथ्या रांगेत बसलेत, विचारा त्यांना. सर, तुम्ही माझ्यासाठी उभे राहिलात हे मला फार उशिरा कळलं, नाहीतर मी वरून हाक मारली असती.

तेवढ्यात आवाजाने वैतागून मोठ्या बाई गच्चीवर आल्या. बघतात तर मी, गुडघ्यापर्यंत काळा.

'तू? तू इथे काय करतोस?'

'गळती काढतोय, बाई.'

बाईंनी पिंपांकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं. काकांना म्हणाल्या, 'इथे गळती आहे असं सांगितलं कुणी तुम्हाला?'

काका म्हणाले, 'तुम्हीच की. वरून निरोप आहे. शाळेच्या बाईंची मोठी तक्रार आहे म्हणून.'

'अहो, छत ठणठणीत कोरडं आहे! मी मुलांबद्दल बोलत होते!'

काकांनी गळ्यातल्या फडक्याने घाम पुसला. म्हणाले, 'मुलांना डांबर लावत नाही आम्ही, बाई.'

बाई टाकीच्या कठड्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बाईंना असं हसताना मी तेव्हा पाहिलं, नंतर कधी नाही. मग हसू थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. 'ही बघा, ही ती गळती. हिला खाली पाठवा.'

काका म्हणाले, 'पाठवतो की. पण हे पिंप अर्धं झालंय, तेवढं होऊ द्या.'

पिंप संपलं. मी खाली गेलो नाही. काकांबरोबर पुढच्या गच्चीवर गेलो, तिथून दुसऱ्या शहरात, मग पाइपांच्या कामावर, आणि मग समुद्र ओलांडून पार तिकडे.

इकडे छताचं काय झालं, तेही सांगतो. शिक्षणाधिकारी साहेब, तेव्हा तुम्ही या हुद्द्यावर नव्हतात, म्हणून मोकळेपणाने सांगतो. बाईंनी काम थांबवायला सांगितलं. खातं म्हणालं, सुरू झालेलं काम थांबवता येत नाही. जुना चांगला थर फोडला, नवा नीट बसला नाही, आणि जे छत कधी गळलं नव्हतं ते गळायला लागलं. आठवीच्या वर्गात बादली ठेवावी लागली. बाईंनी पुन्हा तक्रार केली, 'आता मात्र खरंच गळती सुरू झाली आहे.' या वेळी तो निरोप फिरत फिरत शिक्षण खात्यात पोचला. खात्याने तातडीने एक समुपदेशक बाई पाठवल्या. त्या बिचाऱ्या बादलीशेजारी खुर्ची टाकून मुलांना विचारत होत्या, 'बाळांनो, तुम्हाला शाळा का आवडत नाही?'

एका शब्दापायी शाळा पडतेय, असं मी म्हणत नाही. इमारत जुनी होती. जिना खचला होता, भिंतीला हात लावला की पोपडे हातात यायचे. धोकादायक असा बोर्ड लागला तो चुकीचा नव्हता. मी उंचीवर काम करतो, इमारतीशी भावनेने बोलून ती उभी राहत नाही, एवढं मलाही कळतं. पाडायलाच हवी होती, पाडा. फक्त एवढंच सांगतो की या शाळेला ज्या गळतीची काळजी होती, त्या गळालेल्या पोरांच्या दारात आजपर्यंत कुणी माणूस धाडला नाही.

बाई मात्र स्वतः यायच्या. मी गेल्यानंतर त्या आमच्या दुकानात येत राहिल्या, हे मला आईने फार नंतर सांगितलं. हातात ऑफिसच्या टेबलावरचं कापड. आई म्हणायची, 'बाई, हे परवाच केलं होतं.' बाई म्हणायच्या, 'चुरगळलं हो पुन्हा.' कापडाला एक सुरकुती नसायची. आई त्यावर इस्त्री फिरवायची, आणि तेवढ्या वेळात बाई विचारायच्या, 'भिंगरी कुठे आहे?' आई म्हणायची, 'फिरतेय.' घडी करून कापड परत. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच कापड. बाई, त्या टेबलाइतकं झाकलेलं टेबल जगात नसेल.

व्यवस्थापक साहेब, तुमच्या कामाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर धाकटी म्हणेल पाहुण्यांना विसरलास. फाटकावर तुम्ही नव्या इमारतीचं मोठं चित्र लावलंय. छान आहे. काचा आहेत, झाडं आहेत, खाली दुकानं आहेत, दुकानांपुढे पिशव्या घेतलेली माणसं चाललीत. मी काल बराच वेळ त्यात शाळा शोधत होतो. शेजारी उभा असलेला तुमचा सुरक्षारक्षक म्हणाला, 'वर आहे, दोन मजले.' म्हटलं, 'मुलं कुठायत?' तो म्हणाला, 'वर्गात असतील.' हजरजबाबी माणूस आहे, त्याला बढती द्या. दोन मजले देताय, ते कमी नाही, त्याबद्दल आम्ही सगळे आभारी आहोत. पण ते व्हायला काही वर्षं जातील, आणि धाकटीची दहावी या सोमवारी सुरू होतेय.

आता घरातलं सांगतो. आई, तू मागून हातवारे करू नकोस, मला दिसतंय. सांगतोच आता.

मी आलो त्याच दिवशी आई म्हणाली, 'हिला तूच समजाव. माझं ऐकत नाही.' मी म्हटलं, त्यात काय. हात-पाय धुतले, जेवलो, आणि मोठ्या भावासारखा घसा साफ केला.

'सोमवारी जाणार ना?'

'बघू.'

'बघू म्हणजे?'

'तू फोनवर म्हणतोस ना, पुढच्या महिन्यात येतो, तसं बघू.'

पहिल्याच चेंडूवर दांडी उडाली. मग विचारलं, 'झालं काय नेमकं?'

मग हळूहळू बाहेर आलं. ती दोन मैत्रिणींना घेऊन पलीकडची शाळा बघायला गेली होती. फाटकावरच्या माणसाने विचारलं, 'तुम्ही पाडलेल्या शाळेच्या का?' आमची धाकटी म्हणाली, 'अजून पाडलेली नाही.' तो म्हणाला, 'मग पाडतील.' मुख्याध्यापक सर, तो माणूस वाईट नाही, दिवसभर फाटकावर उभा असतो, काहीतरी बोलायला हवं. आत ऑफिसात सांगितलं, नव्या मुलांसाठी वेगळी तुकडी नाही, जिथे बाक रिकामा तिथे बसवणार. एकीला म्हणाले अ, दुसरीला क, हिला ई. तिघी बालवाडीपासून एकत्र. तिघी गुमान परत आल्या. त्यातली एक आता मावशीकडे शिवणकाम शिकायला जातेय. वर्गातले बाकीचे काठावर बसलेत. एकमेकांना विचारतात, 'तू जाणार?' समोरचा म्हणतो, 'तू गेलीस तर.'

मी तिला म्हटलं, 'तुकडी वेगळी म्हणून कुणी शाळा सोडतं का?'

'मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाऊ?'

'अगं, डब्यासाठी शाळा सोडतेस?'

ती म्हणाली, 'तू कशासाठी सोडलीस?'

मंडळी, मी आठवायला लागलो. खरंच आठवायला लागलो. काहीतरी कारण असणार ना? कुणी बोललं असेल, कुणी मारलं असेल, काहीतरी. मला आठवेना. एक दिवस गेलो नाही. दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. असं काहीतरी असेल. समुद्र ओलांडून गेलेला माणूस, आणि त्याला निघायचं कारणच आठवत नाही. मी म्हटलं, 'झोप आता.' ती म्हणाली, 'दुपारचे तीन वाजलेत, दादा.'

म्हणून हे भाषण तिला दाखवलं नाही. ती आत्ता माझ्याकडे कशी बघतेय ते बघा. नका बघू, आणखी चिडेल.

मी शिकलेला नाही. मला शिक्षणावर बोलता येणार नाही. पण वस्तू एकीकडून दुसरीकडे हलवायच्या कामात माझी हाडं झिजलीत, त्यामुळे त्याबद्दल बोलतो.

परांची बांधताना सगळे जपून असतात. घोटाळा होतो तो उतरवताना. इमारत झालेली असते, मालकाला घाई असते, सगळ्यांचं मन पुढच्या कामात असतं. एकाखाली एक माणसं उभी राहतात आणि पाइप हातोहात खाली येतो. आमच्या तिकडच्या मुकादमाचा तिथे एकच नियम आहे. खालच्याने मोठ्याने 'धरलं' असं म्हटल्याशिवाय वरच्याने हात सोडायचा नाही. मान हलवलेली चालत नाही. 'हं' चालत नाही. मी नवीन होतो तेव्हा विचारलं होतं, मान हलवली तर काय बिघडलं? मुकादम म्हणाला, 'वरून बघशील तर मान होकाराची आहे की मानेवर माशी बसलीय, काही कळत नाही.' एकाने असाच मानेवर विश्वास ठेवून पाइप सोडला होता. खालचा माणूस त्यात सापडला नाही हे नशीब, पण फरशी सापडली, ती आजही फुटलेली आहे.

आमच्या टोळीत सतरा मुलखांची माणसं. प्रत्येकाला आपापला शब्द. पण माझ्या खाली जो उभा राहतो त्याला मी पहिल्या दिवशी एवढा एक मराठी शब्द शिकवतो. सध्या जो आहे त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. दिवसभर आमचं बोलणं एवढंच, 'धरलं', 'धरलं', 'धरलं'. एकदा जेवताना त्याने मिठाची बाटली पुढे केली. मी घेतली, पण तो सोडेना. मी 'धरलं' म्हटलं, मग सोडली. इतका पक्का शिकलाय.

अध्यक्ष महाराज, आपण मघाशी आपल्या भाषणात म्हणालात की सर्व विद्यार्थ्यांचं समायोजन झालेलं आहे. शब्द चांगला आहे, धाकटीने मला त्याचा अर्थही सांगितला. पण साहेब, रागावू नका, हा वरच्या हाताचा शब्द आहे. आम्ही सोडलं, एवढं त्यातून कळतं. खालून कुणी काही म्हटलं का? मी येऊन आठवडा झाला, कान देऊन ऐकतोय. मला तरी काही ऐकू आलेलं नाही. आणि मुलांनाही आलेलं नाही, म्हणून ती अधांतरी आहेत आणि एकमेकांना विचारतायत, तू जाणार का.

पलीकडच्या शाळेचे सर, आपण आज पाहुणे म्हणून आलात, गुच्छ घेतलात, आणि मी आपल्याला अडचणीत टाकतोय. आपल्याला जागेची अडचण असेल, शिक्षकांची असेल, आमची पोरं आपल्या माथी मारली गेलीत हेही खरं. माझं मागणं लहान आहे. ही तुकडी फोडू नका. एक वर्ष, दहावीपुरती, जशी आहे तशी एका खोलीत बसू द्या. अ म्हणा, ई म्हणा, आणखी कुठलं अक्षर लावा. सगळी एकत्र असली तर सोमवारी सगळी येतील. एकेक करून वाटलीत तर एकेक करून गळतील, आणि ती कधी गळली ते कुणालाच कळणार नाही. माझंही कळलं नव्हतं. खोली म्हणाल तर आपल्या प्रयोगशाळेशेजारी एक आहे, तिथे मोडके पंखे ठेवलेत. मी पाहिलेली नाही, धाकटीने पाहिली. जाणार नाही म्हणते, पण खोल्या बघून आलीय. बाक कमी पडले तर इथले आहेत, ते असेही भंगारात चाललेत. रविवारी आम्ही माजी विद्यार्थी, पास आणि नापास दोन्ही, ते उचलून आपल्याकडे पोचवतो. व्यवस्थापक साहेब टेम्पो देतील. साहेब हसले. म्हणजे देतील.

आता मी जरा थांबतो.

सर मान हलवतायत. सर, आपला मान राखून सांगतो, मान नको. मी आत्ताच एवढं मोठं पुराण लावलं ते कशासाठी?

काय म्हणालात? 'बघू.' सर, हा शब्द या आठवड्यात आमच्या घरी इतका वापरला गेलाय की त्यात आता काही उरलेलं नाही.

माइक द्या रे सरांकडे. वायर पुरत नाही? असू दे. सर, तुम्ही तिथूनच बोला, मी इथून सगळ्यांना सांगतो.

सर विचारतायत, एकूण मुलं किती आहेत. बरोबर आहे, सर. वजन विचारल्याशिवाय कुणी हात पुढे करत नाही. हा काम करणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे. पण मला आकडा माहीत नाही. बाई, तुम्ही सांगा. बाई सांगत नाहीत. बाई बोट दाखवतायत. कुठे? पडद्याजवळ.

धाकटे, तुला विचारतायत. आधी तो ट्रे खाली ठेव, ग्लास पडतील. हां. आता सांग, सर विचारतायत किती जण.

जोरात बोल गं, मागे ऐकू येत नाही.

एकतीस.

सर, ती म्हणतेय, 'मला धरून एकतीस.'

थांबा, टाळ्या नकोत. टाळ्या वाजवू नका, सर उभे राहिलेत, ऐकू द्या.

ऐकलंत? मागे पोचलं? आई, तुला ऐकू आलं? सर म्हणाले, 'धरलं.' आणि 'बाक मात्र खरंच पाठवा' असंही म्हणाले.

मग सोडतो मी, सर. आपण धरलंत.

आता आभार. संयोजकांनी मला इतका वेळ दिला, खरं म्हणजे दिला नव्हता, मी घेतला, त्याबद्दल त्यांचे आभार. अध्यक्ष महाराजांनी मध्येच घंटा वाजवली नाही, हा त्यांचा मोठेपणा. मोठ्या बाई, तुमचे आभार मी मानत नाही. मानायला गेलो तर तुम्ही म्हणाल, पुरे झालं, खाली उतर. पण तुम्ही रोज उठून शाळेत यायचात, आता सोमवारी सकाळी काय कराल कोण जाणे. करमलं नाही तर ते टेबलावरचं कापड घरी न्या आणि आमच्या दुकानात या. आई आहेच.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहून गेला असेल, घरातलं चव्हाट्यावर आणलं असेल, ते या पोराचं म्हणून पोटात घाला. आवाज चढला असेल तर त्याला इलाज नाही. मी उंचावर काम करतो, तिथे हळू बोललेलं खाली पोचत नाही. रविवारी ज्यांना यायचंय त्यांनी जुने कपडे घालून या, बाकांना खिळे आहेत.

थांबतो. धाकटे, रडतेस काय, ट्रे उचल. साहेब मघापासून पाणी मागतायत.